बोलणाऱ्याची बोरे, मुक्याचे गहू

बोलणाऱ्याची बोरे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण महाराष्ट्रात गावोगावी ऐकू येते. धान्याचे नाव तेवढे बदलते. कुठे बोरांच्या जागी हुलगे येतात, कुठे आणखी काही. पण ही म्हण आपण वापरतो ती नेहमी बोलणाऱ्याला टोमणा म्हणून. बोरे विकणारा लबाड, वाचाळ, आणि गहूवाला बिचारा साधा, असा आपला निवाडा आधीच झालेला असतो. गहूवाल्याने तोंड का उघडले नाही, हा प्रश्न त्या म्हणीच्या पोटातच आहे. तो मात्र कुणी विचारत नाही.

गंमत अशी की व्याख्यानांच्या बाबतीत महाराष्ट्राइतका हौशी प्रांत शोधून सापडायचा नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली, आणि तिच्या मागोमाग तालुक्यातालुक्यात अशा मालांचे पीक आले. त्याच्याही आधी, १८७२-७३ च्या सुमारास, रानड्यांनी पुण्यात व्यापार या विषयावर मराठीतून व्याख्याने दिली होती. म्हणजे व्यापारउदीम हा विषय आपल्या व्यासपीठाला परका कधीच नव्हता. पण बोलणारे न्यायाधीश होते आणि व्यापारी असलेच तर ते ऐकणाऱ्यांत होते. दीडशे वर्षे होऊन गेली, ती बैठकव्यवस्था अजून फारशी बदललेली नाही.

आमच्या कार्यक्रमांत व्यावसायिकाची जागा ठरलेली असते. तो देणगी देतो, पहिल्या रांगेत बसतो, दीपप्रज्वलन करतो, शाल-श्रीफळ घेतो किंवा देतो. आणि ध्वनिक्षेपकापुढे आला की ‘मी काही वक्ता नाही, दोन शब्द बोलून आपली रजा घेतो’ असे म्हणून खरोखरच रजा घेतो. तीस वर्षे ज्याने फाउंड्री चालवली, बिडाचा तुकडा कुठे तडकला आहे हे ज्याला नुसत्या आवाजावरून कळते, तो माणूस दोन शब्दांत आटोपतो. त्याच्यानंतर ‘यशस्वी उद्योजक कसे व्हावे’ या विषयावर दीड तास बोलणाऱ्या पाहुण्याने उभ्या आयुष्यात एक वीटसुद्धा विकलेली नसते. टाळ्या अर्थात त्यालाच पडतात.

चार लोकांपुढे उभे राहून आपल्या धंद्यातले ज्ञान सांगणे आणि त्यातून गिऱ्हाईक जोडणे हा प्रतिष्ठेचा मार्ग आहे, असे माझे मत आहे. लहान व्यावसायिकाला परवडणाऱ्या मार्गांत तर तो सर्वांत वरचा. तो वापरण्याची लाज वाटून जाणता माणूस गप्प बसला की व्यासपीठ रिकामे राहत नाही. त्यावर दुसराच कुणी चढतो, आणि त्याचा भुर्दंड ऐकणाऱ्यांना बसतो.

हा मार्ग कसा चालतो ते पाहायचे तर मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतले सेमिनार सोडून द्यावेत आणि द्राक्षाच्या पट्ट्यात जावे. तासगाव, निफाड, दिंडोरी, पंढरपूर, नारायणगाव. द्राक्षबागेची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आगेमागे खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी. या दोन्हींच्या तोंडावर मंगल कार्यालयांतून चर्चासत्रे भरतात. लग्नाच्याच खुर्च्या, लग्नाचेच पंखे आणि बऱ्याचदा आचारीही लग्नाचाच. समोर बसलेल्या माणसाने बागेत एकरी काही लाख रुपये घातलेले असतात, त्यातले बरेचसे सोसायटीचे किंवा बँकेचे असतात. तो मनोरंजनासाठी आलेला नसतो. त्याच्या खिशात वही-पेन असते आणि पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली, डाग पडलेली चार पाने असतात.

या भागात द्राक्ष सल्लागार नावाचा एक व्यवसायच उभा राहिला आहे. कुणी शेतकी पदवीधर असतो, कुणी स्वतः मुरलेला बागायतदार. एकराच्या हिशेबाने, हंगामाच्या बोलीने तो फी घेतो, ठरल्या दिवशी बागेत येतो, पाने उलटीपालटी करतो, काडी मोडून पाहतो आणि पुढच्या आठवड्याचे काम लिहून देतो. वकिलाचे अशील असते, डॉक्टरचा पेशंट असतो, भिक्षुकाचा यजमान. तसे याचे ‘प्लॉट’ असतात. ‘यंदा माझ्याकडे एवढे प्लॉट आहेत’ असे तो सांगतो. हे प्लॉट त्याला मिळतात कुठून? दुकानाच्या पाटीवरून नव्हे, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून तर नव्हेच. एक तर शेजारच्या बागेत आलेल्या घडांवरून, आणि दुसरे म्हणजे या चर्चासत्रांतून.

तिथे दोन तऱ्हेचे वक्ते दिसतात. पहिला उभा राहतो आणि सरळ कामाला लागतो. खरड छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यांमध्ये पुढच्या घडाची जडणघडण होते. त्या काळात पाणी किती द्यावे, नत्र कधी थांबवावे, सबकेन कुठल्या पानावर करावी, ढगाळ हवा राहिली तर काय, काडी हिरवी राहिली तर काय, हे तो फळ्यावर काढून दाखवतो. मग सांगतो, ‘गेल्या साली अमुक गावच्या बागेत मी पाण्याचा ताण जास्त दिला आणि माल कमी निघाला, ती जमीन मुरमाड होती, हे मी धरलं नव्हतं.’ या वाक्याला सभागृहात एकदम शांतता पसरते. पुढच्या एका तासात तो जे सांगेल ते लोक उतरून घेणार, हे त्या वेळी ठरून जाते. त्यानंतर पिशव्यांमधली पाने बाहेर निघतात, प्रश्न सुरू होतात; आणि एखाद्याला तो म्हणतो, ‘तुमच्या बागेला सल्लागाराची गरज नाही, निचऱ्याचा चर काढा.’ जेवणाच्या वेळी त्याच्याभोवती जी गर्दी होते, तिच्यातूनच त्याचे वर्षाचे प्लॉट भरतात.

दुसरा वक्ता अधिक सफाईने बोलतो. त्याच्याकडे घडांचे सुंदर फोटो असतात, किस्से असतात. पण गाभ्याची गोष्ट आली की ‘ते बागेत आल्यावर सांगू’ असे म्हणतो आणि शेवटी छापील शेड्यूल वाटतो. त्या शेड्यूलमध्ये औषधांची शास्त्रीय नावे नसतात, एकाच कंपनीच्या मालाची नावे असतात. मंगल कार्यालयाचे भाडे आणि जेवणाचा खर्च कुणी केला, हे त्या यादीवरून चाणाक्ष माणसाला कळते. कंपनीने खर्च करण्यात वाईट काही नाही. बाहेर तिचा फलक लावून, ‘आमचा माल खपावा म्हणून हा कार्यक्रम आहे’ असे सांगून केला तर ऐकणारा सावध राहून ऐकतो. लपवून केला तर तो सल्ला राहत नाही.

आणि हा फरक हौसेमौजेचा नाही. २०१० साली भारतातून युरोपात गेलेली द्राक्षे तिथे अडवली गेली. त्यात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले होते. पिढ्यान्‌पिढ्या ‘लिहोसिन’ या नावाने बागायतदार जे बिनदिक्कत मारत आले होते, त्यातलेच हे रसायन. निर्यातदारांचे हाल झाले आणि बागायतदारांच्या घरांत त्या वर्षी काय झाले ते त्या पट्ट्यात कुणालाही विचारावे. ‘रेसिड्यू’ हा शब्द तेव्हापासून बायकापोरांच्या तोंडी गेला. व्यासपीठावरून दिलेल्या एका ओळीच्या सल्ल्याची किंमत किती असते, हे तिथल्या श्रोत्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच तो पहिल्या वक्त्याला ओळखतो, आणि एकदा ओळखले की सोडत नाही.

या परंपरेची मुळे जुनी आहेत. कोल्हापूरचे श्रीपाद अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगाव भागातले बागायतदार आपापल्या बागेत केलेले प्रयोग एकमेकांना उघडपणे सांगू लागले. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेले ‘तास-ए-गणेश’ हे वाण याच मुलखातले. आपल्या बागेतले गुपित शेजाऱ्याला सांगितले तर आपला भाव पडेल, अशी भीती त्या मंडळींनी धरली असती तर हा पट्टा द्राक्षाचा पट्टा झालाच नसता. दाभोळकरांना काही विकायचे नव्हते, ही गोष्ट खरी. पण सगळे उघड सांगून कुणी बुडत नाही, हे त्यांनी सिद्ध करून ठेवले होते. नंतरच्या सल्लागारांना ही आयती पुंजी मिळाली.

हीच भीती शहरातल्या व्यावसायिकाच्या मनात घट्ट बसलेली असते. ‘सगळं सांगून टाकलं तर लोक माझ्याकडे कशाला येतील?’ चांगल्या चांगल्या कर सल्लागारांच्या, वास्तुविशारदांच्या तोंडून मी हे ऐकले आहे. उत्तर फार अवघड नाही. ऐकून घरी जाऊन जो स्वतः करू शकतो, तो तुमचा अशील कधीच होणार नव्हता. बाकीच्यांना तुमचे बोलणे ऐकूनच पहिल्यांदा कळते की आपल्या प्रकरणात काहीतरी गुंता आहे. मृत्युपत्र म्हणजे कोऱ्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढेच माहीत असलेला गृहस्थ तासाभराचे व्याख्यान ऐकतो. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित यांतला फरक, सोसायटीतले नामांकन म्हणजे मालकी नव्हे, लाभार्थ्याने साक्षीदार होऊ नये, हे सारे त्याच्या कानावर पडते. आणि आपण बारा वर्षांपूर्वी केलेला कागद आठवून त्याला घाम फुटतो. वकिलाने त्याला बोलावलेले नसते. तोच दुसऱ्या दिवशी फोन करतो.

किर्लोस्करांनी हे फार पूर्वी ओळखले होते, लेखी स्वरूपात का होईना. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्याची समजूत होती. नुसता चांगला नांगर ओतून भागणार नव्हते, तो पटवून द्यावा लागणार होता. १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्रक होते. वाचकाला उपयोगी असे काहीतरी दिल्याशिवाय तो आपली जाहिरात वाचणार नाही, हे त्याच्या संपादकांना उमगले होते. पुढे त्याचे मराठीतले एक मातब्बर मासिक झाले.

काही व्यवसायांना तर कायद्यानेच जाहिरातीची वाट अडवून ठेवली. चार्टर्ड अकाउंटंटांसाठीच्या १९४९ च्या कायद्याने जाहिरात देऊन, पत्रके वाटून किंवा इतर मार्गाने काम मागणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. वकिलांवर बार कौन्सिलचा नियम आहे. नंतरच्या काळात यात थोडीफार ढिलाई आली, तरी मूळ भूमिका तीच: काम मागत फिरू नये. डॉक्टरांसाठी वैद्यक परिषदेची २००२ सालची नियमावली तर फारच मार्मिक आहे. स्वतःची जाहिरात होईल अशा मुलाखती आणि लेख देऊ नयेत, असे ती बजावते; आणि त्याच दमात सांगते की सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यपूर्ण राहणी या विषयांवर स्वतःच्या नावाने लिहायला, जाहीर व्याख्याने द्यायला डॉक्टरला मोकळीक आहे. म्हणजे रेषा कुठे आहे हे सरकारी भाषेत का होईना, लिहून ठेवले आहे. मधुमेहाच्या रुग्णाने पायांची काळजी कशी घ्यावी हे सांगणारा डॉक्टर रेषेच्या अलीकडे आहे. ‘आमच्याकडे नवीन यंत्र आले आहे’ हे वाक्य उच्चारले की तो पलीकडे गेला. दोघांच्याही दवाखान्यात व्याख्यानानंतर गर्दी वाढते, हे मान्य करायला आपण लाजू नये.

या बाबतीत नानी पालखीवाला यांचे उदाहरण टाळून पुढे जाता येत नाही. प्राप्तिकर कायद्यावरचा कांगा आणि पालखीवाला यांचा ग्रंथ १९५० साली आला. अंदाजपत्रकावरची त्यांची वार्षिक भाषणे १९५८ साली मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलातल्या एका लहानशा दालनात सुरू झाली. दालने अपुरी पडत गेली आणि शेवटी ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावे लागले. १९९४ पर्यंत हा क्रम चालला. हातात कागदाचा चिटोरा नाही आणि करांचे आकडे मात्र पुराणिकाला ओव्या याव्यात तसे मुखोद्गत. पालखीवालांना अशिलांची वाण नव्हती आणि त्यासाठी ते बोलत होते असे कुणी म्हणणार नाही. पण कर या विषयात भारतात सामान्य माणसाला ज्ञात असलेले एकच नाव उरले, ते त्या मैदानामुळे. त्यांच्या कित्त्यावर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत सी.ए. मंडळी मार्चमध्ये आणि आता फेब्रुवारीत रोटरीच्या किंवा व्यापारी संघाच्या सभागृहात अंदाजपत्रक समजावून सांगू लागली. त्यांतले काही तर अर्थमंत्र्यांचे भाषणच पुन्हा वाचतात. पण एखादा असा निघतो की तो गावातल्या कापड दुकानदाराचे, ट्रकवाल्याचे, पेन्शनीत निघालेल्या शिक्षकाचे अशी तीन उदाहरणे घेतो आणि तिघांचा कर फळ्यावर काढून दाखवतो. त्याच्या कार्यालयाबाहेर जुलै महिन्यात चपला मावत नाहीत.

आता वक्तृत्वाबद्दल. शाळा-महाविद्यालयांतल्या वक्तृत्व स्पर्धांनी आपले फार नुकसान केले आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. सुरुवातीला सुभाषित, मध्ये हात उंचावून एक आवेशपूर्ण प्रश्न, शेवटी कवितेच्या दोन ओळी आणि टाळ्यांसाठी एक पॉझ. हा साचा डोक्यात इतका पक्का बसतो की ज्याला तो जमत नाही तो स्वतःला मुका समजू लागतो. अमेरिकेत डेल कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये वाय.एम.सी.ए.च्या वर्गात भाषणकला शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना रात्रीचे दोन डॉलर द्यायलाही संस्था तयार नव्हती. नफ्यातल्या वाट्यावर त्यांनी काम घेतले. समोर बसलेले विद्यार्थी म्हणजे विक्रेते, कारकून आणि लहान दुकानदार. कचेरीतल्या सभेत उभे राहून चार वाक्ये बोलताना पाय लटपटू नयेत, एवढीच त्यांची मागणी होती. पाठ्यक्रमातला मजकूर संपल्यावर कार्नेगींनी त्यांना ‘तुम्हाला कशाचा राग आला ते सांगा’ म्हटले आणि मुकी माणसे बोलू लागली, अशी हकीकत आहे. आपल्याकडे त्यांच्या पुस्तकांची मराठी भाषांतरे रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलपर्यंत पोहोचली. ही साधी युक्ती मात्र वाटेत कुठेतरी गळून पडली.

माणसाला आपल्या कामातल्या ज्या गोष्टीची चीड येते, त्यावर तो हमखास चांगले बोलतो. समजा, गावातला मोटार रिवायंडिंग करणारा कारागीर ग्रामपंचायतीच्या सभागृहात उभा राहिला. त्याला सांगा, ‘मोटारी का जळतात ते बोल.’ तो सांगेल की तीन फेजपैकी एक फेज गेली तरी चालू असलेली मोटार गुरगुरत चालूच राहते, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो आणि वायंडिंग जळते. की व्होल्टेज कमी झाले तरी तेच. की रात्रपाळीच्या विजेला जागायला नको म्हणून तुम्ही ऑटो बसवता, पण ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याचा काटा वर सरकवता किंवा तो सरळ बायपास करता. की विहिरीतले पाणी खाली गेल्यावर पंप कोरडा फिरतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाची वस्तू काय आहे, ती कुठे बसवायची आणि तिला किती खर्च येतो, हेही तो सांगेल. यात एकही सुभाषित नाही. पण ऐकणाऱ्यातल्या दर दुसऱ्या माणसाची मोटार गेल्या दोन वर्षांत जळलेली असते, आणि त्याला खुर्चीवरून उठावेसे वाटणार नाही.

मोटारी जळायच्या थांबल्या तर रिवायंडिंगवाल्याचे पोट कसे भरणार? त्या सगळ्या काही थांबत नाहीत. पण पुढची पेटी बसवायची, केबल बदलायची, नवा पंप घ्यायचा तर लोक कुणाला विचारतील, हे त्या सभेत ठरून जाते. आणि तो वऱ्हाडीत बोलला, अहिराणीत बोलला, मालवणीत बोलला तर अधिकच बरे. ‘विद्युत पंपांची निगा’ असे नाव देऊन त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घालणारा आयोजक हा त्या कार्यक्रमाचा पहिला शत्रू.

बचत गटांच्या प्रदर्शनांत हे उलट्या बाजूने दिसते. स्टॉलमागे उभी असलेली बाई समोरच्या गिऱ्हाइकाला काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालायचे, ते तेलात कधी टाकायचे, मिरची कुठली आणि का, हे इतके नेमके सांगते की गिऱ्हाईक पुडी घेऊनच जाते. तिलाच संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर बोलावले की ती साहेबांचे, मॅडमचे आणि बँकेचे आभार मानून खाली उतरते. दुपारभर जे पन्नास जणांना सुटेसुटे सांगितले तेच पाचशे जणांना एकदम सांगायचे आहे, असे तिला कुणी सांगितलेलेच नसते. मराठी उद्योजकांना एकत्र आणण्यासाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबसारख्या मंडळांनी निदान आपल्या बैठकांत प्रत्येकाला उभे राहून स्वतःच्या कामाविषयी बोलायची सवय लावली, हे मोठे काम आहे. मात्र अशा बैठकांत व्यावसायिक व्यावसायिकांशीच बोलतात. गिऱ्हाईक त्या खोलीत नसते.

गिऱ्हाईक ज्या खोलीत असते तिथे कोण बोलत होते, ते आता पाहू. नव्वदच्या दशकात सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा, वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या, अशा योजनांच्या सभा शहरोशहरी भरत. वक्ते टाय लावलेले, आकडे तोंडपाठ, झाडांच्या रंगीत चित्रांची पुस्तिका प्रत्येकाच्या हाती. सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियमावली केली ती १९९९ साली. तोवर पुष्कळांचे पैसे गेले होते. नंतर इमू पक्षी आले. साखळी पद्धतीने सभासद जोडण्याच्या योजना तर कधी थांबल्याच नाहीत. पैशांच्या असल्या फिरवाफिरवीवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून पुस्तकात आहे आणि सभा त्याच्या शेजारच्याच हॉलमध्ये भरत आल्या आहेत. हल्ली शेअर बाजाराच्या मोफत शिबिरांचे दिवस आहेत. शिकवण्याच्या नावाखाली चालू भाव दाखवून टिपा देण्याचा प्रकार इतका वाढला की जानेवारी २०२५ मध्ये सेबीला सांगावे लागले, नुसते शिक्षण देणाऱ्याने किमान तीन महिने जुने भावच वापरावेत.

या सभांत बोलणारी माणसे उत्तम बोलतात, हे कबूल केले पाहिजे. त्यांना श्रोत्याची नाडी कळते. पण त्या सभेत प्रश्नोत्तरे नसतात. असलीच तर प्रश्न विचारणारा त्यांचाच माणूस असतो. जोखीम किती, पैसे अडकले तर कसे सोडवायचे, हे विचारणाऱ्याला ‘निगेटिव्ह विचार सोडा’ असे सांगून खाली बसवतात. अर्ज तिथल्या तिथे भरून घेतात, कारण ऐकणारा घरी जाऊन रात्रभर झोपला तर सकाळी त्याचा विचार बदलेल, ही धास्ती असते. आपल्या मालावर विश्वास असलेल्या द्राक्ष सल्लागाराला त्याच दिवशी सही नको असते. तो म्हणतो, माझ्या दोन बागा पाहून या, मग बोलू.

आणि ज्या गावात या सभा भरल्या त्याच गावात पोस्टात पंचवीस वर्षे काढलेला अल्पबचत एजंट होता, सहकारी बँकेचा व्यवस्थापक होता, चांगला सी.ए. होता. चक्रवाढ व्याजाचा हिशेब त्यांना येत होता. दरमहा दहा टक्के देणारा माणूस ते आणतो कुठून, हा प्रश्न त्यांच्याही मनात आला होता. आपल्या धंद्याची जाहिरात वाटेल म्हणून ते बोलले नाहीत. त्यांच्या सभ्यतेचे मला कौतुक वाटत नाही.

व्याख्यानमाला चालवणाऱ्यांनाही इथे थोडे सुनवायला हवे. सात दिवसांच्या मालेत एक राजकारणी, एक कलावंत, एक संत साहित्याचे अभ्यासक, दोन प्रेरणादायी वक्ते आणि एक कविसंमेलन ही वाटणी आता पाठ झाली आहे. त्यातला एक दिवस गावातल्याच एखाद्या जाणत्या व्यावसायिकाला द्यावा: कधी बांधकामाचा कंत्राटदार, कधी चष्मेवाला, कधी बियाणे विक्रेता. परिचयाला दोन मिनिटे, हारतुरे नाहीत, बोलायला चाळीस मिनिटे आणि प्रश्नांना तेवढाच वेळ. अध्यक्षीय समारोप नको. त्या वेळात आणखी चार प्रश्न होतात. व्याख्याता गावातलाच असल्यामुळे त्याने खोटे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याला बाजारपेठेतून जायचेच आहे, हा एक जादा फायदा. बाहेरगावचा पाहुणा रात्रीच्या गाडीने निघून जातो.

राहता राहिला कार्डाचा प्रश्न. कार्ड वाटावे की नाही, यावर या मंडळींत बराच खल चालतो. माझ्या मते खिशात असावे, मागितले तर द्यावे. व्यासपीठावरून आपल्या दुकानाचे नाव एकदाच घ्यावे, तेही सुरुवातीला, म्हणजे हा माणूस कुठून बोलतो आहे ते ऐकणाऱ्याला आधी कळेल आणि पुढचे सगळे तो त्या मापाने ऐकेल. मानधन घेऊ नये. आयोजकांनी पाकीट पुढे केलेच तर ते त्यांच्याच वाचनालयाला परत द्यावे आणि त्याची घोषणा करू देऊ नये. कार्यक्रम संपल्यावर मात्र लगेच गाडीत बसू नये. मंडप काढणारे येईपर्यंत थांबावे. ज्यांना चारचौघांत विचारायला संकोच वाटला, ते तोवर कडेला उभे असतात.